जुनी एमटीबी रोज ऑफिसला न्यायची तर: आधी सीट आणि टायर, मग बाकीची खरेदी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात वारजे ते शिवाजीनगर, एका बाजूने नऊ-दहा किलोमीटर. घरात २६ इंची चाकांची एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक आहे, पुढे सस्पेन्शन, दोन्ही चाकांना केबलचे डिस्क ब्रेक, २१ गिअर. दोन वर्षं नुसती उभी होती. मध्ये आठवडाभर ऑफिसला नेऊन पाहिलीत तर पाऊण तासाच्या वर वेळ लागला, कंबर धरली, गुडघा पुढच्या बाजूने दुखायला लागला आणि पाठीवरच्या सॅकखाली शर्ट चिंब झाला. तुमचं वजन ७५ किलो. आता जेल सीट कव्हर, मोबाइल होल्डर, आरसा, लाइट अशी यादी केली आहे आणि विचारलंय की यातलं काय घेऊ, की सरळ तीस-चाळीस हजारांची हायब्रिड (रस्त्यावर चालवायची हलकी सायकल) घेऊ.

सायकलदुरुस्ती हा माझा व्यवसाय आहे आणि पावसाळ्याच्या तोंडावर हाच प्रश्न घेऊन बरेच जण येतात. माझं म्हणणं असं की हायब्रिड आत्ता घेऊ नका, आणि यादीतल्याही बहुतेक वस्तू घेऊ नका. तुमच्या तक्रारी चार आहेत: वेळ, कंबर, गुडघा आणि घाम. यादीतली एकही वस्तू यातल्या एकाही तक्रारीवरचा उपाय नाही. रोजच्या वापराच्या सायकलीची माझी कसोटी साधी आहे. जुलै महिन्यातल्या सोमवारी सकाळी, रात्रभर पाऊस पडून गेल्यावर, ती सायकल काही शोधाशोध न करता, कपडे खराब होण्याची धास्ती न बाळगता बाहेर काढता येते का? येत असेल तर माणूस रोज सायकलने जातो. नसेल तर सायकल कितीही महागाची असली तरी महिनाभरात पुन्हा जिन्याखाली जाते.

काही गोष्टी मात्र तुमच्याकडे पाहिल्याशिवाय सांगता येणार नाहीत. पहिली म्हणजे फ्रेमचं माप. सीटपोस्टवर, म्हणजे सीटखालच्या दांड्यावर, एक रेघ कोरलेली असते, तिच्यावर पोस्ट काढायचा नसतो. त्या रेघेपर्यंत सीट वर घेऊनही ती तुम्हाला कमीच पडत असेल तर ती फ्रेम तुमच्यासाठी लहान असण्याची शक्यता मोठी आहे. आधी लांब सीटपोस्ट टाकून बघता येतो, पण तेवढ्याने भागलं नाही तर पुढचा खर्च या सायकलीवर करू नका. दुसरी गोष्ट, ऑफिसात सायकल पावसात भिजणार की छपराखाली राहणार. तिसरी, तिथे शर्ट बदलायला जागा आहे का. या दोन्हींची उत्तरं अनुकूल असतील तर पुढचं सगळं सोपं आहे.

सुरुवात सीटपासून करा, कारण त्याला पैसे लागत नाहीत. नवी सायकल घेताना दोन्ही पाय जमिनीला टेकले की माणसाला सुरक्षित वाटतं, म्हणून दुकानात सीट खालीच ठेवून देतात. मग पायडल वर येताना गुडघा फार दुमडतो आणि त्याच अवस्थेत जोर लावावा लागतो. तुमचं दुखणं गुडघ्याच्या पुढे, वाटीपाशी आहे. बहुतेक वेळा त्याचं कारण खाली असलेली सीट हेच निघतं. गुडघ्याच्या मागे दुखत असतं तर मी सीट फार वर आहे का ते पाहिलं असतं.

ऑफिसचे बूट घालून, भिंतीला हात टेकून सायकलवर बसा. टाच पायडलवर ठेवा आणि पायडल उलटं फिरवत सगळ्यात खाली न्या. गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा, आणि त्यासाठी कंबर एका बाजूला कलायला नको. मग चवडा पायडलवर ठेवलात की गुडघ्यात हवा तेवढा हलका बाक आपोआप राहतो. आकड्यात हवं असेल तर भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहा, जांघेत एक जाड पुस्तक सीटसारखं वर दाबून धरा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. त्या मापाला ०.८८३ ने गुणा. ८० सेंटिमीटर भरलं तर उत्तर साधारण साडेसत्तर येतं. क्रँकच्या (पायडल ज्याला लावलेलं असतं त्या दांड्याच्या) मधल्या अक्षापासून सीटच्या माथ्यापर्यंत, सीटपोस्टच्या रेषेत, एवढं अंतर हवं. हे फक्त सुरुवातीचं माप समजा. बुटाचा तळ आणि क्रँकची लांबी यांनी थोडं इकडे-तिकडे होतं.

सीट बरीच खाली असेल तर एकदम वर नेऊ नका. अर्धा सेंटिमीटर वाढवा, दोन-तीन दिवस चालवा, पुन्हा वाढवा. आता सिग्नलला बसल्या जागी पाय टेकणार नाहीत. थांबताना सीटवरून पुढे उतरून एक पाय टेकायची सवय करावी लागेल, ती लवकर होते. सीटपोस्ट बदलायची वेळ आली तर जुन्या पोस्टच्या खालच्या टोकाला कोरलेला व्यास वाचून तोच घ्या. यात ०.२ मिलिमीटरचा फरकही चालत नाही; पोस्ट एकतर आत जात नाही, नाहीतर कितीही आवळला तरी हळूहळू खाली सरकतो.

कंबरेचं दुखणं सीट नीट झाल्यावरच तपासा. सीट पाण्याच्या पातळीसारखी आडवी आहे ना ते बघा. टोक खाली झुकलेलं असेल तर माणूस सतत पुढे घसरतो आणि हात-खांद्यांनी स्वतःला मागे ढकलत राहतो. तरीही पोहोच लांब वाटली तर स्टेम बघा, म्हणजे हँडल आणि फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) यांना जोडणारा तुकडा. बऱ्याच सायकलींवर तो किंचित खाली झुकवून बसवलेला असतो. तोच उलटा फिरवून बसवला तर हँडल एक-दोन सेंटिमीटर वर येतं, फुकटात. तेवढ्यानेही भागलं नाही तर ९० मिलिमीटरच्या जागी ६० चा स्टेम टाका. हे काम मेकॅनिककडून करून घ्या, कारण फोर्कचे बेअरिंग त्याच बोल्टने आवळलेले असतात आणि आवळण्याचा क्रम चुकला तर हँडल खडखडतं.

जेल कव्हर घेऊ नका असं मी ठामपणे सांगतो. बसताना वजन बैठकीच्या दोन हाडांवर यायला हवं. मऊ जेलमध्ये ती हाडं रुततात आणि मधला नाजूक भाग दबतो. शिवाय कव्हर सरकतं आणि पावसात पाणी धरून ठेवतं. सीट खरंच टोचत असेल तर आपल्या हाडांच्या रुंदीची, जराशी घट्ट सीट घ्या. कडक स्टुलावर नालीदार पुठ्ठा ठेवून त्यावर पाय जरा वर उचलून बसलात तर दोन खळगे उमटतात. त्यांच्या मध्यांमधलं अंतर म्हणजे तुमचं माप. सीट त्याहून दोनेक सेंटिमीटर रुंद असावी.

आता टायर. वेळेची तक्रार सगळ्यात जास्त इथे सुटते. तुमच्या सायकलीवर २ इंचांच्या आसपासचे, मोठ्या गुट्ट्यांचे टायर असणार. मातीत त्या गुट्ट्या रुततात म्हणून पकड मिळते. डांबरावर मात्र प्रत्येक गुट्टी वाकते आणि सरळ होते, त्यात तुमचा जोर वाया जातो. तुम्हाला जो घूं असा आवाज येतो तो त्याचाच. त्याऐवजी २६ × १.५ मापाचे, गुळगुळीत किंवा उथळ खाचांचे टायर बसवा. तुमच्या रिमवर ते बसतील. ओल्या डांबरावरही त्यांची पकड गुट्ट्यांपेक्षा चांगली असते, कारण रबर जास्त जागेवर टेकतं. खाचा नसतील तर पाण्यात घसरेल ही भीती मोटारीच्या बाबतीत खरी आहे, सायकलीच्या वेगाला आणि अरुंद टायरला ती लागू होत नाही.

टायर घेताना एक घोळ हमखास होतो. २६ × १.५ आणि २६ × १ ३/८ हे दोन्ही २६ इंची म्हणवले जातात, पण एकाचं टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. दशांशातलं माप एमटीबीचं, अपूर्णांकातलं साध्या शहरी सायकलींचं. टायरच्या बाजूवर आणखी एक आकडा असतो, तोच वाचा: तुम्हाला ४०-५५९ हवं. पहिला आकडा रुंदी, दुसरा रिमवर टायर बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. १ ३/८ वाल्याचा व्यास ५९० असतो. दुकानात ५५९ हा आकडा सांगितलात तर चुकीचं टायर घरी येणार नाही.

दीड इंचाहून बारीक जाऊ नका. आपल्याकडे पेव्हर ब्लॉकचे सांधे, खोदून बुजवलेले चर आणि ड्रेनेजची खोल झाकणं यांवर बारीक टायर हाताला आणि रिमला दोन्हीला सोसत नाही. पंक्चर कमी व्हावीत म्हणून आतून संरक्षक पट्टा असलेलं टायर मिळालं तर चार पैसे जास्त द्या. ते थोडं जड असतं, पण सकाळच्या वेळेत एक पंक्चर वाचलं तरी पैसे वसूल.

हवा अंगठ्याने दाबून ठरवू नका. अंगठ्याला ३० आणि ५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) यांत फार फरक कळत नाही. काटा असलेला उभा पंप घ्या. यादीतल्या आरसा आणि होल्डरच्या पैशांत तो येतो. तुमच्या वजनाला आणि या टायरला मागे ५० ते ५५, पुढे ४० ते ४५ पीएसआयपासून सुरुवात करा. मागे जास्त कारण वजन मागे जास्त असतं. टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या वर कधीच नाही. हाताला धक्के जास्त बसत असतील तर पुढचं चाक पाचने कमी करा. ट्यूब चांगली असली तरी हवा हळूहळू जातेच, त्यामुळे आठवड्याचा एक वार ठरवून टाका. हवा कमी ठेवून खड्ड्यात गेलात की ट्यूब रिम आणि खड्ड्याच्या कडेत चिमटते आणि शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. अशा दोन चिरा दिसल्या तर काटा शोधत बसू नका, हवा वाढवा. एकच भोक असेल तर मात्र टायरच्या आतून कापडाचा बोळा फिरवून काच किंवा बाभळीचा काटा सापडेपर्यंत सोडू नका, नाहीतर नवी ट्यूबही त्याच जागी फुटेल.

गिअरबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण पाऊण तासामागे तेही कारण असू शकतं. बरेच जण पुढचं मोठं चक्र लावून दात-ओठ खात पायडल मारतात. त्याने गुडघाही दुखतो. पुढचं मधलं चक्र लावा आणि तिथेच ठेवा. त्याला ३४ दात असतील, मागे १६ च्या आसपासचं चक्र असेल आणि मिनिटाला पाय ८० फेरे फिरले, तर ताशी साधारण २० किलोमीटर वेग मिळतो. सिग्नल धरून सरासरी पंधरा-सोळा पडली तरी तुमचं अंतर ३५ ते ४० मिनिटांत होतं. पाय हलके आणि भराभर फिरायला हवेत. थांबायच्या आधी मागचे दोन-तीन गिअर हलके करून ठेवा.

सस्पेन्शनला हात लावू नका. वर लॉकची किंवा स्प्रिंग कडक करायची घुंडी असेल तर ती कडक करून ठेवा. फोर्क बदलण्याचा खर्च या टप्प्यावर परवडत नाही, आणि कमी लांबीचा साधा फोर्क टाकला तर सायकलीचं पुढचं तोंड खाली जाऊन तिचं वळणं बदलतं.

घामावरचा खरा उपाय म्हणजे सॅक पाठीवरून उतरवणं. मागे कॅरियर बसवा आणि बॅग त्यावर ठेवा. डिस्कच्या सायकलीवर कॅरियर घेताना एक पाहा: मागच्या ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा भाग, कॅरियरच्या पायाच्या आड येतो का. डिस्कसाठीच्या कॅरियरचे पाय थोडे बाहेर काढलेले असतात, तोच मागा. ॲक्सलजवळ फ्रेमला स्क्रूची भोकं असतील तर उत्तम. फक्त सीटपोस्टला आवळायचा कॅरियर लॅपटॉपसाठी घेऊ नका. तो वजनाने डावी-उजवीकडे फिरतो. बाजूला लटकणारी पॅनिअर बॅग घेतलीत तर ती हुकांवर जितकी मागे सरकेल तितकी सरकवा, एमटीबीवर टाच बॅगेला लागते. लॅपटॉप तिच्यात उभा, जाड कव्हरात ठेवा. आणि बॅगेचा एकही पट्टा मोकळा लोंबू देऊ नका. चाकात पट्टा गेला की चाक जागच्या जागी अडकतं. हँडलला पिशवी अडकवण्याबद्दलही हेच, तिथे तर पुढचं चाक अडकतं आणि माणूस हँडलवरून पुढे पडतो. डबा असो की भाजी, सगळं मागे.

सॅक उतरवल्यावरही घाम येणारच, आपल्याकडची एप्रिल-मेची हवाच तशी आहे. शेवटचा किलोमीटर मुद्दाम सावकाश चालवा, एक-दोन शर्ट आणि पंचा ऑफिसात ठेवा. रोज सायकलने जाणारे बहुतेक सगळे हेच करतात.

मडगार्डकडे लोक दुर्लक्ष करतात आणि जूनमध्ये सायकल बंद करतात. सीटखाली अडकवायचा आखूड प्लास्टिकचा तुकडा पाठीवरचा चिखलाचा पट्टा थांबवतो, तेवढंच. बूट, मोजे आणि चेन भिजवणारं पाणी पुढच्या चाकावरून येतं. मागे पूर्ण लांबीचं मडगार्ड कॅरियरच्या आधाराने बसतं. पुढे सस्पेन्शन असल्याने पूर्ण मडगार्ड बसवणं अवघड जातं, पण फोर्कच्या पायांना भोकं असतील किंवा क्लिपा आवळता आल्या तर जरूर बसवा, आणि खाली रबराचा फ्लॅप लावा. जुन्या ट्यूबचा तुकडा दोन स्क्रूंनी लावला तरी काम होतं. टायर आणि मडगार्ड यांत बोटभर जागा सोडा, नाहीतर चिखल अडकून चाक घासतं. बारीक टायरचा इथेही फायदा आहे, जागा आपोआप मिळते.

तुमचे डिस्क ब्रेक ही पावसाळ्यात मोठी जमेची बाजू आहे. रिम ओली झाली की रिमब्रेक उशिरा लागतात आणि चिखलाच्या कणांनी रिमही झिजते. डिस्कला हा त्रास फार कमी. मात्र सायकल दोन वर्षं उभी होती, त्यामुळे आतल्या केबल गंजल्या असतील. दोन्ही केबल आणि त्यांची कव्हरं बदलून घ्या, खर्च थोडा आहे आणि लिव्हर हलके होतात. या ब्रेकमध्ये बहुधा एकच पॅड हलतं, दुसरं स्थिर असतं. ते स्थिर पॅड डिस्कच्या अगदी जवळ आणून ठेवावं लागतं, नाहीतर लिव्हर हँडलला टेकतो तरी ब्रेक लागत नाही. आणि चेनला तेलाचा स्प्रे मारताना एक थेंबही डिस्कवर जाऊ देऊ नका. पॅडने तेल प्यायलं की ते बहुधा बदलावंच लागतं.

चेनला तेल थेंबाने घाला, प्रत्येक कडीच्या रोलरवर एक, पायडल उलटं फिरवा आणि वरचं तेल फडक्याने पुसून टाका. वर राहिलेलं तेल धूळ धरतं आणि तीच धूळ चेन खाते. ग्रीस नको, खोबरेल नको. गंज सोडवायचा स्प्रे म्हणजेही वंगण नव्हे. पावसात भिजून आलात तर त्याच संध्याकाळी चेन पुसून तेल घाला, सकाळी तांबूस झालेली दिसणार नाही. चेनच्या १२ पूर्ण कड्या, म्हणजे २४ तुकडे, नवेपणी बरोबर १२ इंच भरतात. त्या १२ इंच आणि वर १/१६ भरल्या की चेन बदला. १/८ पर्यंत थांबलात तर मागचं फ्रीव्हीलही बदलावं लागेल.

लाइटबद्दल फार लिहीत नाही. मागे लाल दिवा बॅगेआड जाणार नाही अशा जागी, म्हणजे कॅरियरच्या टोकाला. पुढे पांढरा, स्थिर, खाली झुकवलेला. दोन्ही यूएसबीवर चार्ज होणारे घ्या. पायडलला आणि क्रँकला रिफ्लेक्टर पट्टी लावा, वर-खाली हलणारी चमक मोटारवाल्याच्या लगेच लक्षात येते. कुलूप यू आकाराचं, फ्रेम आणि मागचं चाक एकत्र धरून. सीट हाताने काढता येत असेल तर तिथे बोल्टचा क्लॅम्प टाका. आरसा हवा असेल तर घ्या, उजवीकडे वळताना उपयोग होतो. मोबाइल होल्डरची तुम्हाला गरज नाही, रस्ता रोजचाच आहे.

रस्त्याचंही बघा. कर्वे रस्त्यावर सकाळी मेट्रोच्या खांबांमुळे जागा कमी आणि बसगाड्या जास्त. कर्वेनगरातून राजाराम पुलापाशी येऊन डीपी रस्त्याने म्हात्रे पुलाकडे गेलात तर अंतर थोडं वाढेल, पण मन शांत राहतं. लग्नसराईत संध्याकाळी तो टाळा, मंगल कार्यालयांसमोर गाड्यांची गर्दी असते. डेक्कनहून जाताना फर्ग्युसन रस्ता आणि येताना जंगली महाराज रस्ता, एकदिशा असल्याने तसंही हेच करावं लागतं. एखाद्या रविवारी सकाळी दोन्ही वाटांनी जाऊन बघा.

खर्चाचा क्रम असा ठेवा. या आठवड्यात सीट, स्टेम आणि गिअरची सवय, खर्च जवळपास शून्य. पुढे टायर, ट्यूब, पंप आणि ब्रेकच्या केबल. पगार झाला की कॅरियर, बॅग, मडगार्ड, लाइट. बॅग सोडून हे सगळं सहा-सात हजारांत बसावं. मग एक पावसाळा चालवा. त्यानंतरही फ्रेम जड वाटली किंवा ऑफिस आणखी लांब गेलं, तर हायब्रिड जरूर घ्या. तेव्हा तुम्हाला नेमकं काय हवं ते तुमचं तुम्हालाच माहीत असेल, आणि कॅरियर, बॅग, लाइट, पंप नव्या सायकलीवरही बहुधा चालतील. घेताना फ्रेमला मडगार्ड आणि कॅरियरची भोकं आहेत का, एवढं दुकानातच बसून तपासा.

सध्या दोन फोटो टाका: एक मागच्या ॲक्सलजवळचा, ब्रेकच्या बाजूने, आणि एक पुढच्या फोर्कचा खालपासून वरपर्यंत. जांघेचं मापही सांगा. कोणता कॅरियर बसेल आणि पुढच्या मडगार्डला क्लिपा लागतील की नाही ते बघून सांगतो.